अर्धा किडा काढायचा, अर्धा उलटवायचा

ह्या किड्याला केस असतात हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. भुंगेरा म्हटलं की गुळगुळीत चकचकीत पाठ, वर पांढऱ्या रंगाचा एक फराटा मारला की चमक आली, विषय संपला, असा माझा हिशोब. मी कमर्शियल आर्टिस्ट. दुकानाच्या पाट्या, लग्नपत्रिका, चटणीच्या पाकिटावरच्या मिरच्या, तालमीच्या भिंतीवरचे पैलवान, सगळं करून झालंय, मध्ये फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम निम्म्यावर आलं तरी नाद सोडला नाही. त्यामुळं मास्तर जेव्हा म्हणला की लेका एक किडा काढून पाहिजे, पेपरात छापायचाय, तेव्हा मी विचारलं कुठल्या पेपरात, तर तो हसायलाच लागला. पेपर म्हणजे रिसर्च पेपर. किडा नवीन आहे, म्हणजे शास्त्राच्या दप्तरी त्याची अजून नोंद नाही असं त्याला वाटतंय, आणि नोंद करायची तर वर्णन लागतं, वर्णनाबरोबर चित्र लागतं.

मास्तर म्हणजे माझा शाळेतला दोस्त, आता कॉलेजात झूलॉजी शिकवतो. त्याच्या घरी फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी किड्यांच्या डब्या असतात, आणि वैनींनी त्याविषयी बोलणं कधीच सोडून दिलंय.

तर मायक्रोस्कोपला डोळा लावला. किडा सेंटिमीटरभर पण नाही, कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर डिंकानं चिकटवलेला, आणि त्या तुकड्यातून टाचणी आरपार. आणि अंगभर केस. उभे, ताठ, काही लांब काही आखूड, पाठीवर, पायांवर, मानेवर, मिशीच्या सांध्यांवर सुद्धा. मी म्हटलं, "हे सगळे केस काढायचे?" तर म्हणला, "तेच तर काढायचेत. लांब वेगळे, आडवे पडलेले वेगळे. आणि पाठीवर खड्डे आहेत बघ ओळीनं, केस ज्या खड्ड्यातनं उगवलाय त्याच खड्ड्यातनं काढायचा, शेजारच्यातनं नाही."

हे कुळ क्लेरिडी. इंग्रजीत चेकर्ड बीटल म्हणतात, कारण ह्यातल्या बऱ्याच जणांच्या पाठीवर लाल, पिवळे, पांढरे, काळे पट्टे आणि ठिपके असतात. जगात साडेतीन हजारांच्या आसपास जाती नोंदल्यात. भुंगेऱ्यांच्या एकूण जाती चार लाखाच्या घरात, म्हणजे नाव मिळालेल्या प्राण्यांतला साधारण दर चौथा भुंगेराच आहे, त्या गर्दीत साडेतीन हजार म्हणजे काहीच नाही. पण हे लोक आहेत मजेशीर. लांबट अंग, टपोरे डोळे, मिशीच्या टोकाला गाठ, आणि चाल इतकी चपळ की बरेचसे लांबून मुंगळेच वाटतात. काहींच्या पाठीच्या मध्यावर पांढरा आडवा पट्टा असतो, त्यामुळं तिथं कंबर बारीक असल्याचा भास होतो. कंबर नसतेच, रंगानं दाखवलेली असते! आमच्या लाइनीतली ट्रिक आहे ही, जाड माणसाला बारीक दाखवायची. मुंगळ्याच्या आणि गांधीलमाशीच्या वाटेला पाखरं सहसा जात नाहीत, म्हणून हा वेश.

आणि वेशाच्या आत शिकारी. लाकूड पोखरणारे, सालीखाली बोगदे करणारे जे दुसरे भुंगेरे असतात त्यांच्यावर ह्यांचं पोट. युरोपात थॅनासिमस फॉर्मिकेरियस नावाचा एक आहे, स्वीडनच्या लिनियस नावाच्या शास्त्रज्ञानं १७५८ साली नाव दिलेला, तो पाइन-स्प्रूसच्या खोडावर फिरतो आणि साल पोखरणारे भुंगेरे पकडून खातो. त्याची मादी अंडी तिथंच सालीच्या खाचेत घालते, अळ्या आत बोगद्यात शिरतात आणि त्या भुंगेऱ्यांची अंडी, अळ्या फस्त करत सुटतात. ह्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वासाची. साल पोखरणारे भुंगेरे झाड सापडलं की हवेत एक वास सोडतात, या रे या, इथं जागा आहे, म्हणून आपल्या जातवाल्यांना बोलवायला. तो वास ह्या शिकाऱ्यालाही कळतो. म्हणजे आपल्या घरी रविवारी पाहुण्यांसाठी तांबडा रस्सा उकळावा आणि त्या वासावर वसुलीवाला दारात हजर व्हावा, तसलं. अमेरिकेतही ह्याचा एक भाऊबंद आहे, थॅनासिमस डुबियस, तो तिकडच्या पाइनची जंगलं उभी वाळवणाऱ्या भुंगेऱ्याच्या मागावर असतो. ट्रायकोडिस नावाच्या प्रजातीतल्या काहींच्या अळ्या मधमाश्यांच्या घरात वाढतात. आपल्याकडं बांबूतनं पिठासारखा भुसा गळतो ना, टोपल्या-सुपांतनं, तो ज्या बारक्या भुंगेऱ्यांचा उद्योग त्यांना खाणारा टिलॉइडिया नोटाटा पण ह्याच कुळातला.

सगळेच असे कामाचे आहेत असं नाही हां. एक तर आपल्या घरातच असतो. उन्हाळ्यात चटणी करायची म्हणून आई खोबऱ्याच्या वाट्या उन्हात टाकते, तेव्हा कधी कधी त्यातनं निळे-हिरवे चमकणारे बारके किडे पळतात, पाय तांबडे. ते मी लहानपणापासून बघतोय आणि चप्पलेनं मारतोय. नेक्रोबिया रूफिपस त्याचं नाव, खोबरं, सुकी मासळी, खारवलेलं मांस, जिथं सुकलेली चरबी तिथं हा. व्यापाराच्या मालातनं जगभर पोचलाय. इजिप्तच्या ममींमध्ये पण सापडलाय आणि कुजून सुकत आलेल्या मढ्यावर उशिरा येणाऱ्या किड्यांत याची गणती असल्यामुळं पोलीस तपासातही ह्याचा उपयोग होतो. हे मी आईला सांगितलं, ती म्हणाली एवढं बोलतोयस तर खोबरं चाळून दे.

ह्याच्याच सख्ख्या भावाची, नेक्रोबिया रुफिकॉलिसची, गोष्ट मास्तर प्रत्येक बॅचच्या पोरांना सांगतो आणि आता मी जो भेटेल त्याला सांगत सुटलोय. फ्रेंच राज्यक्रांतीचा काळ. लात्रेय नावाचा एक पाद्री, किड्यांचा शौकीन. सरकारनं सगळ्या पाद्र्यांना नव्या राज्यव्यवस्थेची शपथ घ्यायला लावली होती, ह्यानं ती घेतली नाही, म्हणून बोर्दोमध्ये कैदेत. तिथं कैद्यांना तपासायला डॉक्टर आला तर हा माणूस जमिनीवरचा किडा निरखत बसलेला. डॉक्टरनं विचारलं काय करतोयस, हा म्हणला फार दुर्मिळ किडा आहे हा. डॉक्टरच्या ओळखीत एक १५ वर्षांचा पोरगा होता, बोरी द सेंट-व्हिन्सेंट, त्यालाही किड्यांचा नाद, डॉक्टरनं तो किडा त्याच्याकडं पाठवला. पोराला लात्रेयचं काम माहीत होतं. मग ओळखीपाळखी लावून लात्रेयची सुटका झाली, आणि त्याच्यासोबतचे बाकीचे कैदी महिन्याभरात मेले. पुढं १८०२ साली ह्याच लात्रेयनं क्लेरिडी हे कुळ उभं केलं, म्हणजे ज्या किड्यानं जीव वाचवला त्याच्या खानदानाला नाव दिलं. पॅरिसला पेर लाशेझ कबरस्तानात त्याच्या थडग्यावर त्या किड्याचा उल्लेख आहे. मला ह्या गोष्टीत लात्रेयपेक्षा तो पोरगा भारी वाटतो. पंधराव्या वर्षी मी रंकाळ्यावर भेळ खात बसलेलो असायचो.

असो. आपल्या किड्याकडं येतो.

नवीन आहे हे ठरवायचं कसं? मला वाटायचं जंगलात कुणीतरी काहीतरी वेगळं बघतो, ओरडतो, फोटो काढतो, झालं. तसं काही नसतं. हा किडा शाहूवाडी तालुक्यात मास्तरच्या सासुरवाडीला परड्यातल्या सरपणाच्या ढिगावर सापडला, मेहुण्याशी गप्पा मारता मारता. त्यानं डबीत घेतला कारण तो डबीशिवाय कुठं जातच नाही. आणि मग डबी कितीतरी काळ तशीच पडून. हे आळसामुळं नाही, हे असंच असतं म्हणे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ साली हिशोब काढला होता की एखाद्या नव्या जातीचा नमुना पहिल्यांदा गोळा होतो तिथपासून तिचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. एकवीस! तोपर्यंत किडा ड्रॉवरमध्ये, टाचणीवर, डांबरगोळीच्या वासात.

कारण नवीन म्हणायला आधी जुनं सगळं वाचायला लागतं. प्राण्यांच्या नावांचा हिशोब लिनियसच्या पुस्तकापासून, १७५८ पासून मोजतात, आणि आधी दिलेलं नाव ते खरं, नंतरचं रद्द. म्हणजे १८४२ ला बर्लिनमध्ये क्लूग नावाच्या माणसानं, १८४४ ला इटलीच्या स्पिनोलानं, नंतर इंग्लंडच्या गोरहॅमनं काय काय लिहून ठेवलंय ते सगळं बघायचं, कुणी लॅटिनमध्ये, कुणी फ्रेंचमध्ये, आणि बऱ्याच ठिकाणी वर्णन दोन-चार ओळींचं, काळा, केसाळ, दोन पट्टे, ईस्ट इंडिया. आता ईस्ट इंडिया म्हणजे कुठं? आसाम की कोकण की जावा? १९५० साली कॉर्पोराल नावाच्या डच माणसानं ह्या कुळाची जगभराची यादी केली ती मास्तरला सगळ्यात कामाला येते. ब्रिटिशांनी फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया म्हणून खंडच्या खंड काढले, त्यात ह्या कुळाचा खंड काही निघाला नाही. त्यामुळं जुने अंक इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेत ते शोधायचे, लंडन-पॅरिसच्या म्युझियमला मेल करायचे की तुमच्या कपाटातल्या अमुक किड्याचा फोटो पाठवाल का, त्या पायाचा, खालून. आणि ते पाठवतात! हे मला फार विशेष वाटलं. इथं कोल्हापुरात एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर फाईल जायची तर काय होतं ते आपण जाणतो, आणि तिकडं कुणीतरी माणूस दीडशे वर्षं जुनी टाचणी उचलून किड्याच्या पायाचा फोटो काढून पाठवतो, फुकट.

नंतर ते नाजूक काम. बाहेरनं सारखे दिसणारे दोन भुंगेरे बऱ्याचदा नराच्या अवयवावरनंच वेगळे करता येतात, म्हणून पोट सोडवून कॉस्टिक पोटॅशच्या पातळ पाण्यात ठेवायचं, मांस विरघळलं की उरलेला कडक भाग ग्लिसरीनमध्ये घेऊन बघायचा. त्याचंही चित्र मीच काढायचं. तर मी रात्री टेबलावर ते मोठं करून काढत बसलोय, आई चहा घेऊन आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "चंबू काढतोयस व्हय?" मी म्हटलं हो.

आता मुख्य भांडण. भांडण म्हणजे मास्तरचं आणि माझं, चित्रावरनं.

मी पहिल्यांदाच विचारलं होतं, फोटो का नाही काढत? फोटो काढलेतच की, तो म्हणला. मायक्रोस्कोपखाली एका वेळी पातळ थरच फोकसमध्ये येतो, पाठ दिसली की पाय धुरकट, म्हणून वरपासून खालपर्यंत फोकस सरकवत फोटोंची चळत काढतात आणि सॉफ्टवेअरनं एक करतात. फोटो झकास होता. पण फोटोत सगळंच होतं, पायावर लागलेला डिंक होता, पाठीवरची धूळ होती, पुसट चमक होती, आणि ज्या दोन खुणांवर सगळी केस उभी आहे त्या त्या सगळ्यात बुडून गेल्या होत्या. "फोटो सगळं दाखवतो रे, मला बघायला लावणारं पाहिजे," तो म्हणला. हे मला पटलं. इथपर्यंत ठीक होतं.

मग मी कामाला लागलो. मायक्रोस्कोपला बाजूला एक नळी जोडतात, आत आरसा, त्यातनं किडा आणि आपलाच हात एकाच वेळी दिसतात, पेन्सिलीचं टोक किड्याच्या कडेवरनं फिरताना दिसतं. वोलास्टन नावाच्या इंग्रजानं १८०६ साली जे यंत्र काढलं त्याच्याच वंशातलं हे. सुरुवातीला डोळे गरगरतात, नंतर सवय होते. आणि काढायचा फक्त अर्धा किडा. मधोमध रेघ मारायची, डावी बाजू नीट मोजून काढायची, आणि तीच उलटवून उजवीकडं घ्यायची. पूर्वी ट्रेसिंग पेपरवर करायचे, आता स्कॅन करून. शाई असेल तर बारीक ठिपक्यांनी छाया. उजेड नेहमी वर डावीकडनं, जगातल्या कुठल्याही देशातलं चित्र असो, उजेड वर डावीकडनंच.

इथं माझं डोकं फिरलं. आम्ही ज्या गावचे तिथं आबालाल रहिमान होऊन गेले, कोटितीर्थ आणि रंकाळा त्यांनी किती तऱ्हेनं रंगवला, पाणी तेच पण सकाळ वेगळी, सांज वेगळी, आणि आम्हाला शिकवणाऱ्यांनी आम्हाला तेच शिकवलं की आधी उजेड बघ, मग वस्तू बघ. आणि हा मला म्हणतोय की ह्या किड्याला ना सकाळ ना संध्याकाळ. मी त्याच्या पाठीवर थोडी सायंकाळची झाक दिली होती, सरपणावर उन्हं कलती असताना सापडला म्हणून, सुंदर दिसत होतं खरंच, मी आजही म्हणतो. मास्तरनं बघितलं आणि म्हणला, "भारी आलंय. पण बर्लिनमधला माणूस म्हणणार ह्या किड्याची डावी बाजू तांबूस आहे." झाक काढली. मग पाय. मी पाय चालताना असतात तसे काढले होते, एक पुढं एक मागं, त्याला ते दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले पाहिजेत, जसा कुठलाच जिवंत किडा कधी उभा राहत नाही. मी म्हटलं हा मेलेला दिसतोय, तर म्हणला मेलेलाच आहे.

पण खरा घोळ तर पुढं आहे. जातीचं नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधतात त्याला होलोटाइप म्हणतात, त्याला बहुतेक लाल लेबल लावतात, आणि पुढं शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो त्या एकाच किड्याशी जाऊन ताडून बघणार. बाकीचे सोबतचे नमुने पॅराटाइप, ते साक्षीदार, पण मालकी त्या एकाची. आणि आमच्या होलोटाइपच्या उजव्या मधल्या पायाची पुढची पेरं तुटलेली आहेत. आता मी डावी बाजू उलटवली की उजवा पाय आपोआप पुरा येतो. मग हे चित्र कुणाचं? त्या टाचणीवरच्या एका किड्याचं की सगळ्या जातीचं? एकाचं असेल तर पाय तुटका काढायला पाहिजे, आणि सगळ्यांचं असेल तर ह्याच्या डाव्या पंखावर एक ठिपका उजव्यापेक्षा थोडा मोठा आहे तो का ठेवायचा? मी आयुष्यभर पोर्ट्रेट काढलीत, मयत झालेल्या आजोबांचा फोटो आणून देतात आणि म्हणतात गालावरचा चामखीळ नको, दुसरा म्हणतो चामखीळ पाहिजेच, त्याशिवाय आमचा अण्णा वाटत नाही. तिथं गिऱ्हाईक ठरवतं. इथं गिऱ्हाईक कोण तेच कळेना.

मास्तरचं म्हणणं, पाय पुरा काढ, आणि मजकुरात लिहू की होलोटाइपचा उजवा मधला पाय तुटका आहे. ते त्यानं लिहिलंही. मला अजून पटलेलं नाही. चित्रात एक आणि मजकुरात एक, असं कसं? माझं म्हणणं होतं तुटलेला भाग तुटक रेषेनं दाखवूया, आणि तसंही करतात बरं का काही जण. दोन रविवार ह्यावर गेले, मिसळ खाताना पण हाच विषय, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटलं कुणाचातरी ॲक्सिडेंट झालाय.

किडा कसा दिसतो, कुठल्या प्रजातीतला, नाव काय ठरवलंय, हे मी इथं सांगणार नाही, मास्तरनं शपथ घातलीय. असं इंटरनेटवर कुठंतरी लिहिलेलं नाव नियमानं प्रकाशित धरत नाहीत, नियमांचं एक आंतरराष्ट्रीय पुस्तक आहे, त्याची सध्याची आवृत्ती २००० सालापासून लागू आहे. पण नाव आधीच फुटलं की ते फिरत राहतं, वर्णनाशिवायच, आणि नंतर निस्तरताना पुढच्या माणसाच्या नाकी नऊ येतात. पेपर ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक म्हणून नोंदवही आहे तिथं आधी नोंद करावी लागते. शिवाय आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं नव्या जातीचा नमुना सरकारनं ठरवलेल्या संस्थेत जमा करायचा असतो, त्यामुळं आमचा लंगडा होलोटाइप शेवटी झूलॉजिकल सर्व्हेकडं जाणार. एकदा बघून घे, म्हणला मास्तर, परत इथं येणार नाही.

आणि हा मालकीच्या परड्यात सापडला म्हणून बरं, अभयारण्यात असता तर आधी वनखात्याची परवानगी, मगच हात लावायचा, आणि ते योग्यच आहे. दाजीपूरला आपण सगळे जातो ते गवा बघायला, १९५८ सालचं गव्यांचं अभयारण्य, पुढं राधानगरी म्हणून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं २०१२ ला. गवा दिसला नाही की गाडीत सगळे हिरमुसतात, चला परत. मीही त्यातलाच. परवा गेलो तर पोरं पुढं गेली आणि मी पडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी उकिडवा बसलेला, बायकोनं हाक मारली तर म्हटलं थांब, काहीतरी चाललंय सालीवर. होता तो मुंगळाच, नीट बघितल्यावर कळलं. पण बघितलं तरी.

तर सध्याची परिस्थिती अशी. पेपर पाठवला, तज्ज्ञांचे शेरे आले. चित्राला नावं ठेवली नाहीत कुणी, पायाविषयी चकार शब्द नाही, म्हणजे आमचे ते दोन रविवार त्यांना दिसलेच नाहीत. एकानं लिहिलंय की मोजपट्टीची रेघ जाड करा. दुसऱ्यानं लिहिलंय की तुमचे सगळे नमुने नर दिसतात, मादी मिळाली तर मिशीचं चित्र जोडा, कारण ह्या गटात मिशी नर-मादीत वेगळी असू शकते. आता मादी कुठनं आणायची? मास्तरनं तिथल्या तिथं मेहुण्याला फोन लावला, स्पीकरवर.

"दाजी, बोला."

"अरे ते परड्यातलं सरपण आहे ना, जुना ढीग, गोठ्याच्या बाजूचा. तेवढा जाळू नको पाऊस लागेपर्यंत. आम्ही येतोय बघायला."

"किडं बघायला?"

"होय."

"आणि मग तवर चुलीला काय घालू दाजी, तुमची पुस्तकं?"

मास्तर माझ्याकडं बघायला लागला. मी खुणेनं सांगितलं, विचार, सुकी लाकडं एक टेम्पो पाठवली तर चालतील का. टिंबर मार्केटात माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याच्या दुकानाची पाटी मीच केलीय आणि पैसे अजून यायचेत.